रुग्णसेवा : पुण्य कोणाचे, जबाबदारी कोणाची?

वृद्ध आई-वडिलांशी कसे वागावे, याविषयी दिव्य कुरआनातील सर्वांत सविस्तर आदेश सूरह बनी इस्राईलच्या २३ व २४ या आयतींत आला आहे. त्यांच्यासमोर ‘उफ’ एवढा उद्गारही काढू नये, त्यांना झिडकारू नये, त्यांच्याशी आदराने बोलावे, दयाभावाने त्यांच्यापुढे नम्र व्हावे आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करीत राहावे, हा या आयतींचा आशय घराघरांत परिचित आहे. जुम्याच्या खुतब्यात तो ऐकविला जातो, मदरशांत मुलांना शिकविला जातो. परंतु या आयतीतील एका लहानशा शब्दाकडे आपले क्वचितच लक्ष जाते. तो शब्द आहे ‘इन्दक’, म्हणजे ‘तुझ्याजवळ’. आई-वडिलांपैकी एक अथवा दोघेही तुझ्याजवळ वार्धक्यास पोहोचले तर, असे म्हणताना अल्लाह माणसाला एकवचनात संबोधतो. घराला किंवा खानदानाला उद्देशून हे बोलणे नाही. ज्याला त्या आई-वडिलांनी जन्म दिला आणि वाढविले, त्या एकेका व्यक्तीला उद्देशून ते आहे.

आयतीच्या शेवटी शिकविलेल्या प्रार्थनेतही हीच गोष्ट दिसते. बालपणी आई-वडिलांनी केलेल्या संगोपनाचा दाखला देऊन त्यांच्यासाठी अल्लाहची कृपा मागावयाची आहे. हा दाखला केवळ संतती देऊ शकते. सासू-सासऱ्यांनी सुनेला लहानाचे मोठे केलेले नसते.

आता आपल्या घरांकडे पाहू या. घरातील वडीलधारी व्यक्ती अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली आहे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाकातील नळीतून पातळ अन्न द्यायचे, देताना डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, नाहीतर ते फुप्फुसात जाते. लघवीची पिशवी रिकामी करायची. डायपर बदलायचा, अंग पुसायचे, चादर बदलायची, ती धुवायची. साखर तपासायची, इन्सुलिन टोचायचे, पायाच्या जखमेचे ड्रेसिंग करायचे. गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या. रुग्णाची स्मृती गेलेली असेल तर दाराला कडी लावून त्याच्यावर सतत नजर ठेवायची, आणि त्याने केलेला चोरीचा आरोपही निमूटपणे ऐकून घ्यायचा. हे सारे काम रुग्णालयात प्रशिक्षित परिचारिका पाळ्या लावून करतात. घरी ते एकच व्यक्ती करते, प्रशिक्षणाशिवाय, सुट्टीशिवाय आणि मोबदल्याशिवाय. ती व्यक्ती कोण, हे सांगण्याची गरज नाही. ती सून असते, पत्नी असते किंवा लग्न न झालेली मुलगी असते. ज्याला ‘तुझ्याजवळ’ म्हटले गेले तो पुत्र संध्याकाळी येतो, दारातून ‘अब्बा, कसे आहात?’ असे विचारतो आणि जेवायला बसतो.

ही केवळ आपल्या समाजाची स्थिती आहे असे नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के महिला घरातील मुले, आजारी व वृद्ध यांची विनामोबदला देखभाल करताना आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. देखभाल करणाऱ्या महिलेचे दिवसातले १४० मिनिटे त्यात जात होते, पुरुषाचे ७४. स्वयंपाक, धुणी-भांडी यांचा वेळ यात धरलेला नाही, तो निराळा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये जगभरचा अंदाज मांडला होता. विनामोबदला देखभालीच्या जबाबदारीमुळे रोजगाराबाहेर राहिलेल्या स्त्रिया ६० कोटींहून अधिक होत्या, तर त्याच कारणाने बाहेर राहिलेले पुरुष सुमारे ४ कोटी. जग असे चालते हे खरे. परंतु ज्या उम्मतीला कुरआन दिला गेला, तिने जगाच्या चालीवर समाधान मानावे काय?

शरीरालाही हक्क आहे

या सेवेचा स्त्रीच्या शरीरावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास वैद्यकशास्त्राने केला आहे. अमेरिकेतील ओहायो येथील संशोधकांनी १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची देखभाल करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या, परंतु असा भार नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर एकसारखी छोटी जखम करण्यात आली. देखभाल करणाऱ्या स्त्रियांची जखम भरून यायला सरासरी ९ दिवस अधिक लागले. संख्या थोडी आहे, एवढ्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. परंतु पुढे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका मोठ्या अमेरिकन पाहणीत, आजारी जोडीदाराची देखभाल करताना ताण सोसणाऱ्या वृद्ध स्त्री-पुरुषांत चार वर्षांच्या काळात मृत्यूचा धोका इतरांहून ६३ टक्क्यांनी अधिक आढळला.

आकड्यांत न येणारे नुकसान तर आपल्या डोळ्यांसमोर असते. रुग्णाला एकटीने उचलल्यामुळे कंबर जाते. स्वतःचा रक्तदाब तपासायला सवड मिळत नाही. रात्री चार वेळा उठलेली स्त्री फजरला उठते तेव्हा तिच्या नमाजमध्ये एकाग्रता कोठून येणार? शिक्षिकेची नोकरी सुटते, शिवणकामाची गिऱ्हाइके तुटतात. कधी दहावीतल्या मुलीची शाळा ‘थोडे दिवस’ बंद केली जाते आणि ते थोडे दिवस संपत नाहीत. शिवाय आजारपण लांबले की घरातील माणसे तिच्या थकव्याला चिडचिडेपणा म्हणू लागतात. तिच्या तोंडून एकदा ‘उफ’ निघाला तर वर्षानुवर्षांची सेवा विसरून तो उद्गार तेवढा लक्षात ठेवला जातो.

सहीह बुखारीतील ह. सलमान फारसी (रजि.) यांचा प्रसंग येथे आठवावा. ते आपले दीनी बंधू ह. अबू दरदा (रजि.) यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी अगदी साध्या, अजागळ वेशात दिसल्या. विचारणा केल्यावर कळले की पती रात्रंदिवस उपासनेत मग्न असून संसाराकडे त्यांचे लक्षच नाही. ह. सलमान (रजि.) यांनी त्यांना समजाविले की पालनकर्त्याचा माणसावर हक्क आहे, तसाच स्वतःच्या जिवाचा आहे आणि घरच्यांचाही आहे, ज्याचा त्याचा हक्क ज्याला त्याला द्यावा. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी सलमान यांचे म्हणणे सत्य असल्याचे सांगितले. नफल उपासनासुद्धा जेथे शरीराचा आणि पत्नीचा हक्क बुडवू शकत नाही, तेथे इतरांच्या वाट्याचे कर्तव्य तिच्या शरीराचा हक्क कसा बुडवील? अल्लाह कोणत्याही जिवावर त्याच्या शक्तीपलीकडे भार टाकीत नाही, हे सूरह बकरहमध्ये दोनदा आले आहे. त्यांपैकी एकदा (आयत २३३) ते अर्भकाला दूध पाजणाऱ्या आईच्या संदर्भातच आले आहे, आणि मुलाच्या निमित्ताने आईला त्रास दिला जाऊ नये, असा आदेश तेथेच जोडलेला आहे.

सुनेची सेवा : फर्ज की एहसान?

येथे अनेक वाचक म्हणतील, रुग्णसेवा तर मोठी इबादत आहे. मग स्त्रियांना या पुण्यापासून दूर का करावे? आक्षेप योग्य आहे. सहीह मुस्लिममधील हदीसे-कुदसीनुसार आजाऱ्याची विचारपूस न करणाऱ्याला अल्लाह कयामतच्या दिवशी जाब विचारील, जणू त्याने स्वतः अल्लाहलाच आजारपणात एकटे सोडले. नुसत्या विचारपुशीचे हे मोल, तर रात्रंदिवस सेवा करणाऱ्या स्त्रीच्या मोबदल्याची कल्पना कोणी करावी? तिचे पुण्य कोणी कमी लेखत नाही. प्रश्न इतकाच आहे की जे तिने स्वखुशीने द्यावे ते तिच्याकडून हक्काने वसूल केले जाते आहे काय, आणि ज्याच्यावर ते फर्ज होते तो त्यातून स्वतःला मोकळा समजतो आहे काय.

फिकहच्या विद्वानांची भूमिका या बाबतीत पुरेशी स्पष्ट आहे. स्वतःच्या घरातील कामकाज पत्नीवर बंधनकारक आहे की नाही, याविषयीसुद्धा इमामांत मतभेद आहेत. शाफई व हंबली विद्वानांच्या प्रसिद्ध मतानुसार ते बंधनकारक नाही. हनफी विद्वान ते दीनी नैतिक जबाबदारी मानतात, पण काझीने सक्तीने करवून घ्यावे असे मानीत नाहीत. पतीच्या आई-वडिलांची सेवा तर त्याही पुढची गोष्ट. हनफी फिकहचा प्रमाणग्रंथ ‘हिदाया’ पत्नीला पतीच्या नातेवाइकांपासून वेगळ्या निवासाचा हक्क देतो; तिने स्वतः एकत्र राहणे पसंत केले तर गोष्ट निराळी. ज्या शरीअतने वेगळे राहण्याचा हक्क दिला, ती त्याच नातेवाइकांची शुश्रूषा तिच्यावर फर्ज कशी करील? सुनेची सेवा हा एहसान आहे, सदाचाराचा अत्यंत उंच दर्जा आहे. म्हणूनच तिच्याविषयी कृतज्ञता बंधनकारक ठरते. जो माणसांचे आभार मानीत नाही तो अल्लाहचेही आभार मानीत नाही, या आशयाची हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांनी नोंदविली आहे.

भारतातील कायदाही योगायोगाने याच दिशेने जातो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी २००७ मध्ये झालेल्या कायद्यात ‘अपत्य’ या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात. सुनेचा उल्लेख त्यात नाही.

याच्या उलट बाजूने ह. जाबिर (रजि.) यांचे उदाहरण दिले जाते, आणि ते द्यायलाच हवे. त्यांचे वडील उहुदच्या लढाईत शहीद झाले व मागे लहान बहिणी राहिल्या. तरुण जाबिर यांनी कुमारिकेऐवजी प्रौढ विधवेशी निकाह केला. प्रेषितांनी (स.) कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की बहिणींची देखभाल करील, त्यांचे केस विंचरील अशी पत्नी आपल्याला हवी होती. प्रेषितांनी (स.) त्यांचा निर्णय योग्य ठरविला. ही हदीस बुखारी व मुस्लिम दोहोंत आहे. पत्नीने पतीच्या घरच्यांना सांभाळणे ही चांगली व रूढ गोष्ट असल्याचे तिच्यावरून निश्चितच सिद्ध होते. पण जाबिर यांनी काय केले हेही पाहा. त्यांनी आपली गरज ओळखली, तिच्याप्रमाणे जोडीदार निवडला, आणि त्यासाठी स्वतःच्या पसंतीला मुरड घातली. आपल्याकडे निकाहच्या बोलणीत मुलाचा पगार, घर, शिक्षण सारे सांगितले जाते. घरात अंथरुणावर असलेल्या आजीविषयी मात्र वलीमा आटोपल्यावर कळते. सांगून, समजून, संमतीने स्वीकारलेली जबाबदारी आणि न सांगता माथी मारलेली जबाबदारी यांत हलाल व्यवहार आणि फसवणूक यांच्याइतके अंतर आहे.

दुसरे उदाहरण ह. फातिमा (रजि.) यांचे. जात्यावर दळून त्यांच्या हातांना घट्टे पडले होते. त्या सेविका मागण्यासाठी गेल्या, तेव्हा प्रेषितांनी (स.) रात्री घरी येऊन झोपण्यापूर्वी ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अलहम्दुलिल्लाह व ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणण्यास शिकविले. या तसबीहची बरकत कोणी नाकारू शकत नाही. परंतु ही हदीस थकलेल्या सुनेला गप्प करण्यासाठी ऐकविणाऱ्यांनी मुस्नद अहमदमधील कथनही वाचावे. त्यात नकाराचे कारण आले आहे : मशिदीच्या ओट्यावरील सुफ्फावासी भुकेले असताना आपल्या मुलीला सेविका देणे प्रेषितांना (स.) रुचले नाही. दारात दोन मोटारसायकली उभ्या असलेल्या आणि लग्नाच्या मंडपावर लाखाचा खर्च करणाऱ्या घराने रुग्णासाठी मदतनीस ठेवायला ‘परवडत नाही’ म्हणणे या कारणात बसत नाही.

पुरुषांनी केलेली शुश्रूषा

बद्रची लढाई ही इस्लामच्या इतिहासातील पहिली निर्णायक लढाई. हिजरी सन २ च्या रमजानमध्ये ती झाली. त्यात सहभागी झालेल्या सहाबांचा दर्जा सर्वांत वरचा मानला जातो. ह. उस्मान (रजि.) त्या लढाईत नव्हते. प्रेषितकन्या ह. रुकय्या (रजि.) या त्यांच्या पत्नी गंभीर आजारी होत्या आणि प्रेषितांनीच (स.) त्यांना पत्नीजवळ थांबण्यास सांगितले होते. मदीनेत दुसरी स्त्री नव्हती काय? शुश्रूषा करणाऱ्या कितीतरी स्त्रिया होत्या. तरीही पतीला थांबविले गेले. प्रेषितांनी (स.) त्यांना बद्रमध्ये उपस्थित असलेल्याइतके पुण्य आणि युद्धप्राप्त संपत्तीत तितकाच वाटा असल्याचे जाहीर केले. ह. रुकय्या (रजि.) त्याच आजारात निवर्तल्या. रुग्णाच्या उशाशी बसलेला पुरुष रणांगणावरील मुजाहिदाच्या बरोबरीचा ठरला, ही गोष्ट सहीह बुखारीत नोंदलेली आहे, आणि आपल्या वाजमध्ये ती फारशी ऐकू येत नाही.

अशाच प्रकारे जिहादची परवानगी मागायला आलेल्या एका तरुणाला प्रेषितांनी (स.) आई-वडील हयात आहेत काय असे विचारले, आणि होकार मिळताच त्यांच्यासाठीच झटण्यास सांगून परत पाठविले. ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना एका जुम्याच्या दिवशी ह. सईद बिन जैद (रजि.) अत्यवस्थ असल्याचे कळले, तेव्हा ते स्वार होऊन त्यांच्याकडे गेले व जुमा सोडून दिला. यावरूनच फुकहांनी म्हटले आहे की ज्याच्या जाण्याने रुग्णाला धोका पोहोचेल, त्याला जुम्याची जमात माफ आहे. याचा अर्थ असा की ‘मला मशिदीत जायचे आहे’ हेसुद्धा प्रत्येक वेळी सबब होऊ शकत नाही. मग क्रिकेटचा सामना आणि नाक्यावरची बैठक यांविषयी काय बोलावे! ह. आयशा (रजि.) यांना कोणी विचारले की प्रेषित (स.) घरी असताना काय करीत, तर त्यांनी सांगितले की घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत.

आणखी एक बाब संकोचामुळे बोलली जात नाही, पण ती शरीअतची आहे. सासरे सुनेसाठी महरम आहेत हे खरे. परंतु बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग महरमसमोरही सतर आहे. नाइलाज असेल तर रुग्णसेवेसाठी सवलत मिळते. मुलगा घरात असताना नाइलाज कसला? सासऱ्यांची आंघोळ, कपडे बदलणे, लघवीची नळी सांभाळणे ही कामे मुलाने किंवा नातवाने करावीत. त्यांनी ती शिकून घ्यावीत. कोणतीही परिचारिका तासाभरात शिकवू शकते. दीर आणि जेठ तर महरमही नाहीत. आजारी दिराची अंगसेवा वहिनीवर सोपविणे हा कुटुंबाचा प्रेमळपणा नसून उघड चूक आहे. स्वतः वृद्ध रुग्णालाही या गोष्टीचे किती दुःख होते, हे तो सांगत नाही. सुनेच्या हातून डायपर बदलून घेताना अनेक सासरे भिंतीकडे तोंड करतात.

परदेशी पुत्र, माहेरची आई

कोकणातील आपल्या वाचकांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी मुस्लिम गावांत घरातील कर्ते पुरुष आखाती देशांत असतात. ते तिकडे चैनीसाठी गेलेले नाहीत. त्यांनी पाठविलेल्या पैशांतूनच डायलिसिसचा खर्च निघतो, हेही खरे. आई-वडिलांचा निर्वाह व औषधोपचार हे पुत्राचे कर्तव्य असून ते तो पार पाडीत आहे. तथापि पैसा पाठविल्याने हाताचे काम होत नाही. ते पत्नी करते. आठवड्यातून तीनदा सासूला रिक्षात घालून तालुक्याच्या रुग्णालयात नेणारी, चार तास बाकावर बसून राहणारी, मुलांची शाळा सुटण्याआधी धावत परतणारी तीच असते. अशा पुत्राने निदान एवढे करावे : मदतनिसाचा पगार निर्वाहखर्चातच धरावा, कारण गरजू पित्याला सेवक लागत असेल तर त्याचा खर्चही संततीच्या जबाबदारीत येतो असे फुकहांनी म्हटले आहे. रजेवर आल्यावर ते दोन महिने पत्नीचे विश्रांतीचे असावेत. रात्रीची पाळी त्याने घ्यावी. फोनवर पहिला प्रश्न अम्मीच्या तब्येतीचा असेल तर दुसरा तिच्या तब्येतीचा असावा. आणि गावातच राहणाऱ्या भावाला ‘तुझी वहिनी बघतेय ना’ असे म्हणून सुटू देऊ नये.

त्याच वेळी तिच्या माहेरी काय चालले असते? बहुधा तिची स्वतःची आईही आजारी असते. सासूच्या सेवेतून सवड मिळत नाही म्हणून ती ईदला एक दिवस जाऊन येते. हनफी फिकहचा विख्यात ग्रंथ ‘रद्दुल मुहतार’ सांगतो की वडील दीर्घ आजारी असून त्यांना मुलीच्या सेवेची गरज असेल, तर पतीने मनाई केली तरी तिने जावे, मग ते वडील मुसलमान नसले तरीही. ‘तुझ्याजवळ’ हा शब्द तिलाही उद्देशून आहे. मुलाचे आई-वडील तेवढे आई-वडील आणि मुलीचे आई-वडील परके, अशी वाटणी कुरआनने केलेली नाही. विवाहित मुलींनीही ‘आता भावजय आहे’ असे म्हणून अंग काढून घेऊ नये. आईच्या शुश्रूषेची पाळी बहिणींनी घेतली तर भावजयीला महिन्यातील आठ-दहा रात्रींची झोप मिळेल.

कुटुंबाच्या बाहेरूनही हात मिळू शकतो. केरळमध्ये १९९३ साली कोझिकोड येथे वेदनाशमन व शुश्रूषेची संस्था सुरू झाली, आणि पुढे मलप्पुरम जिल्ह्यात वस्ती-वस्तीतील स्वयंसेवक दीर्घ आजाऱ्यांच्या घरी जाऊ लागले. परिचारिका जखम साफ करते, स्वयंसेवक रुग्णाजवळ बसतात, खर्च गावातील लहान-लहान देणग्यांतून चालतो. मलप्पुरम हा मुस्लिमबहुल जिल्हा आहे. २००८ मध्ये केरळ सरकारने या विषयाचे धोरणही स्वीकारले. आपल्या मोहल्ला कमिट्यांना यातले सगळे नाही तरी आठवड्यातून एक दुपार, एखाद्या घरातील स्त्रीला बाहेर पडता येईल इतके करता येणार नाही काय? मदीनेत ह. रुफैदा (रजि.) यांचा शुश्रूषेचा तंबू होता. खंदकच्या लढाईत जखमी झालेले ह. सअद बिन मुआज (रजि.) यांना तेथेच नेण्यात आले होते. स्त्रीने केलेली ती सेवा साऱ्या समाजासमोर होती. बंद दाराआड विसरली गेलेली नव्हती.

मोबदल्याचा प्रश्न

सेवेची किंमत पैशांत करावी काय, असे विचारले की बहुतेकांना वाईट वाटते. पण कुरआनने हा विषय टाळलेला नाही. तलाक झालेली पत्नी आपल्याच बाळाला दूध पाजत असेल तर तिला त्याचा मोबदला द्यावा, असा आदेश सूरह तलाकच्या सहाव्या आयतीत आहे. आईच्या दुधाहून अधिक मायेचे काम कोणते? तरीही तेथे मोबदल्याची भाषा आली. माया आणि मोबदला एकमेकांचे शत्रू आहेत, ही समजूत आपण इतरत्र कोठून तरी उचललेली दिसते.

वारसाहक्काचेच पाहा. पित्याला दहा वर्षे सांभाळणाऱ्या मुलीचा हिस्सा त्यामुळे वाढत नाही, हे खरे. वारशाचे हिस्से अल्लाहने ठरविलेले आहेत. परंतु निदान तिचा ठरलेला हिस्सा तरी तिला मिळावा! ज्या बहिणीने अब्बांची सेवा केली तिच्याकडूनच चाळिसाव्या दिवशी हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते, हे आपल्या गावोगावचे चित्र आहे.

सून तर वारसच नाही. सासऱ्यांच्या मालमत्तेत तिला काहीही मिळत नाही आणि पती आधी वारला तर तिची अवस्था अधिकच बिकट होते. पण येथेच शरीअतने एक दार उघडे ठेवले आहे, ज्याचा वापर आपल्याकडे जवळजवळ होत नाही. ते दार वसीयतीचे. ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) मक्केत गंभीर आजारी असताना प्रेषित (स.) त्यांच्या भेटीस गेले. सअद यांनी आपली बहुतेक संपत्ती दान करण्याची इच्छा सांगितली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना एक तृतीयांशपर्यंत मुभा दिली आणि तेही पुष्कळ असल्याचे सांगितले. वारसासाठी वसीयत नाही, असेही हदीसमध्ये आले आहे. म्हणजे मुलगा-मुलगी यांना वसीयतीने वेगळे काही देता येत नाही; सुनेला मात्र देता येते, कारण ती वारस नाही. दफनखर्च आणि कर्ज (पत्नीचा न दिलेला महर हेही कर्जच आहे) वजा केल्यावर उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशपर्यंत सासू-सासरे तिच्या नावे वसीयत करू शकतात. त्यासाठी मुलांच्या परवानगीची गरज नाही.

ज्येष्ठ वाचकांनी हे काम शुद्धीत असताना, हात चालत असताना करावे. ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहून न ठेवता दोन रात्रीही घालवू नयेत, असे बुखारी व मुस्लिममधील हदीसवरून कळते. साधा कागदही चालतो. त्यावर काय आणि कोणाला, ते स्पष्ट लिहावे, तारीख घालावी, घराबाहेरच्या दोन विश्वासू साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, एक प्रत आपल्या आलिमांना दाखवावी आणि शक्य असल्यास नोंदणी करावी. मुलांना एकत्र बसवून त्यांच्यासमोर तो कागद वाचून दाखविला तर अधिक बरे. सुनेलाही त्या बैठकीत बोलवावे. रुग्णाजवळ तेवढा वेळ मुलांपैकी कोणी बसेल.